तात्यापाऱ्यातून पायी

कॅमेऱ्याची हौस असलेल्या माणसाला ‘हल्ली काही सुचत नाही’ असं वाटायला लागलं, की आजूबाजूचे त्याला दोन सल्ले हमखास देतात. एक, नवी लेन्स घे. दोन, कुठेतरी लांब जाऊन ये. दुसऱ्या सल्ल्यावर तर आता एक अख्खा व्यवसाय उभा आहे: लडाखची फोटो-सहल, पुष्करच्या उंटबाजाराची, देवदिवाळीला वाराणसीच्या घाटांची. तिथे जाऊन आलेल्यांचे फोटो एकमेकांशेजारी ठेवले तर कोणता कुणाचा हे ओळखता येत नाही, ही गोष्ट मात्र पैसे भरताना कुणी सांगत नाही. मला याच्या उलट म्हणायचं आहे, आणि तेही रायपूरसारख्या, छायाचित्रकारांच्या यादीत सहसा नसलेल्या शहराकडे बघून. आटलेली उमेद परत मिळवायची असेल तर दिवाळीच्या दिवसांत, हातात कॅमेरा किंवा नुसता फोन घेऊन, दोन-चार जणांसोबत आपल्याच मोहल्ल्यातून पायी हिंडावं. सुचेनासं होतं तेव्हा विषय संपलेले नसतात. ओळखीच्या गोष्टींतला फरक दिसायचा थांबलेला असतो. आणि ओळखीच्या जागेत फरक घडवून आणणारा आपल्याकडचा सगळ्यांत जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे सण.

मुंबई-हावडा मार्गावरचं एक मोठं स्टेशन, एवढीच बहुतेक मराठी वाचकांची रायपूरशी ओळख असते. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्यानंतरचं शहर म्हणजे उरला-सिलतराचे कारखाने, तेलीबांधा तळ्याकाठचा ‘मरीन ड्राइव्ह’ आणि बाहेर आखून-रेखून वसवलेलं नवा रायपूर. इथले हौशी छायाचित्रकारसुद्धा सुट्टी लागली की बस्तरची वाट धरतात. बस्तरचा दसरा आणि चित्रकोटचा धबधबा सोडून गावातल्या गल्लीत कोण फिरणार? पण जुनं रायपूर अजूनही पाऱ्यांचं, म्हणजे मोहल्ल्यांचं, आणि तळ्यांचं गाव आहे. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा, बैजनाथपारा ही नावं रोजच्या पत्त्यांत आहेत, आणि काही तळी तर गेल्यानंतरही नावापुरती उरली आहेत: रजबंधा मैदान म्हणतात ते मुळात तळं होतं. तात्यापारा चौकातून निघालं, ब्राह्मणपारा आणि कंकाली तलाव करून पुरानी बस्तीतल्या महामाया मंदिरापर्यंत गेलं, तिथून सतराव्या शतकातल्या दूधाधारी मठाकडे वळलं आणि बूढा तलावाच्या काठाने परत आलं, की एका संध्याकाळात शहराची चारेकशे वर्षं पायाखालून जातात. यातली बरीच वर्षं मराठी आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार बघत, आणि दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची चाल या भागात त्यांनीच आणली असं इथे सांगतात. १८१८ नंतर ब्रिटिश देखरेखीत मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आलं. पुढे जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासोबत रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे होते. तिन्ही नावं मराठी. लाखेनगर ही वस्ती त्यातल्याच एका नावाची. १९३५ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आजही चौबे कॉलनीत भरलेलं असतं. तेव्हा तात्यापाऱ्यातून पायी निघणारा मराठी माणूस इथे पाहुणा नाही. तो इथलाच आहे, आणि म्हणूनच त्याला काही दिसत नाही.

दिवाळीच्या आठवड्यात याच रस्त्यांचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गोलबाजारात नुकत्याच कापलेल्या धानाच्या लोंब्या विणून केलेल्या झालरी विकायला येतात. छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथे हातात धरता येतं: वर लोंब्यांच्या देठांची घट्ट वेणी, आणि खाली पिवळ्या दाण्यांचा लोंबता पडदा. ही झालर दारावर बांधायची ती शोभेसाठी, आणि चिमण्यांसाठीही. पाखरांनी येऊन दाणे टिपावेत हाच तिचा उद्देश. म्हणजे दिवाळीच्या पहिल्या दिवशी भरगच्च असलेलं तोरण भाऊबीजेपर्यंत खालून विरळ होत गेलेलं असतं, आणि उंबऱ्यावर फोलपटं पडलेली असतात. पाच दिवस रोज त्याच दाराचा, त्याच जागेवरून एकेक फोटो काढला तर एका झालरीची गोष्ट तयार होते, आणि तिला लडाख लागत नाही. झालरींच्या शेजारी कुंभारांच्या ग्वालिनी मांडलेल्या असतात. ग्वालिन म्हणजे डोक्यावर आणि हातांवर पणत्या पेलणारी मातीची गवळण. लक्ष्मीपूजनात तिला पाटावर जागा मिळते. आपल्याकडच्या लक्ष्मीच्या चित्रांना आणि केरसुणीला सरावलेल्या डोळ्याला ही बाई पहिल्यांदा दिसते तेव्हा ती थांबवते. त्याच दिवसांत बायकांचे घोळके दारोदार येतात. टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट; टोपली मध्ये ठेवून त्या भोवती वाकून टाळ्यांच्या ठेक्यावर गोल फिरतात. हे सुवा नृत्य. त्यांना मिळालेले तांदूळ आणि पैसे गौरा-गौरीच्या लग्नाच्या खर्चात जातात.

आणि गौरा-गौरी ही तर इथल्या दिवाळीची मुख्य रात्र. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळला छत्तीसगढीत सुरहुती म्हणतात. घरोघरी पूजा आटोपून फटाक्यांचा भर ओसरू लागतो, तेव्हा गोंड समाजाच्या वस्त्यांत, आणि आता त्यांच्यासोबत राहणाऱ्या इतरांतही, मातीच्या शिव-पार्वतीचं लग्न लागतं. माती विधीपूर्वक आणलेली असते, मूर्तींना चमकणाऱ्या रंगीत कागदाची सजावट असते. गौरा बैलावर, गौरी कासवावर. बायका गौरा-गीतं म्हणतात, गंडवा बाजा हा वाद्यमेळ वाजतो, रात्रभर जागर होतो, कुणाच्या अंगात येतं, कुणी हात पुढे करून सोट्याचे फटके घेतं, आणि सकाळी वाजतगाजत मूर्ती तळ्यात जातात. सात-आठ तासांत एक लग्न लागून विसर्जनापर्यंत जातं. मला रायपूरच्या दिवाळीबद्दल बोलताना नेहमी या तळ्यांचा विचार येतो. ज्या तळ्यावरून वर्षभर माणूस स्कूटर दामटत जातो, त्याच्या पायऱ्यांवर एका सकाळी रात्रभर जागलेलं वऱ्हाड उभं असतं. तळं तेच, पायऱ्या त्याच. बघणाऱ्याला अचानक विषय सापडतो, कारण पार्श्वभूमी त्याला तोंडपाठ आहे आणि पुढची गोष्ट मात्र अनपेक्षित आहे. पुष्करमध्ये दोन्ही अनोळखी असतात; मग डोळा सगळंच टिपतो आणि काहीच निवडत नाही.

हा केवळ माझा ग्रह नाही, असं म्हणायला थोडा आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसून विचार करणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी साठ टक्के जास्त सुचल्या, आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे निसर्गरम्य जागेची अट नाही. मात्र एकच बरोबर उत्तर शोधण्याच्या कामात चालण्याने काही मदत झाली नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. ते गाळून नुसते साठ टक्के सांगणाऱ्या व्याख्यात्यांपासून सावध असावं. दुसरा अभ्यास आणखी जवळचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या व्हर्जिनिया स्टर्म यांच्या चमूने २०२० मध्ये बावन्न ज्येष्ठ नागरिकांचा अभ्यास मांडला. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायचं आणि वाटेत स्वतःचा फोटो काढायचा. अर्ध्यांना नवलाच्या नजरेने आजूबाजूला बघायला सांगितलं होतं. आठवडे गेले तसा या मंडळींच्या फोटोत त्यांचा स्वतःचा चेहरा लहान होत गेला आणि मागचं दृश्य मोठं. यावर कुणी बोट ठेवील, की शक्य असेल तर नवीन जागी जा, असंही या मंडळींना सांगितलेलं होतं. मग मोहल्ल्याचं समर्थन यातून कसं होतं? माझं उत्तर असं की जागा नवी करण्याचे दोन मार्ग आहेत. एकतर आपण हलायचं, नाहीतर जागेने हलायचं. सणात जागा हलते.

ओळखीच्या जागेत नवं दिसण्याचं रायपूरचंच सगळ्यांत ठळक उदाहरण घ्यायचं तर नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर. १९२३ साली याच शहरात जन्मलेला हा माणूस नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकला, मुंबईला गेला, दिल्लीला गेला, १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत नाट्यशिक्षण घ्यायला गेला, युरोपभर भटकला आणि ब्रेख्टच्या नाट्यसंस्थेची नाटकं बघत बर्लिनमध्ये काही महिने राहिला. १९५८ मध्ये तो घरी, रायपूरला आला आणि जिथे लहानपणी शिकला त्या शाळेच्या मैदानावर त्याने रात्रभर चाललेला नाचा बघितला. नाचा हा छत्तीसगढचा लोकनाट्यप्रकार. रायपूरच्या मुलाला तो नवा असण्याचं कारण नव्हतं. पण त्या रात्रीनंतर त्याने सहा लोककलावंतांना दिल्लीला नेलं आणि ‘मिट्टी की गाडी’ हे नाटक उभं राहिलं. इथेही गोष्ट लगेच जमली नाही. कलावंतांना हिंदी बोलायला लावून आणि रंगमंचावरच्या जागा आखून देऊन त्यांचा जीव आपणच घोटतो आहोत, हे त्याच्या लक्षात यायला पुढची बरीच वर्षं गेली. १९७३ मध्ये रायपूरला घेतलेल्या नाचा कार्यशाळेनंतर ती गाठ सुटली. ‘चरणदास चोर’ हे नाटक १९७५ चं.

या उदाहरणावर माझ्या विरोधातला सगळ्यांत भक्कम आक्षेप उभा आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तन्वीरला घरचा नाचा दिसला तो लंडन-बर्लिन बघून आल्यामुळे. रायपूर सोडलंच नसतं तर शाळेच्या मैदानावरचा तमाशा त्याच्या लेखी वर्षानुवर्षांचा तमाशाच राहिला असता. हे खरं आहे. अंतर माणसाला फरक बघायला शिकवतं, आणि लांब जाण्याला माझा विरोध नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. बर्लिनने त्याला नजर दिली. माल रायपूरचा होता. आजची फोटो-सहल नजर देत नाही, ती फक्त माल दाखवते, तोही आधी हजारांनी उचललेला. आणि तीन वर्षं युरोपात काढणं ज्यांच्या नशिबी नाही त्या बँकेतल्या, शाळेतल्या, दुकानातल्या माणसांना आपल्या जागेपासून अंतर मिळवून देणारं दुसरं काय आहे? वर्षातून पाच दिवस तरी दिवाळी आहे. प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुडेक आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं काढत राहिला. काचेवरचं दव त्याला रोज नवं होतं. त्याला सणाची गरज नव्हती. आपल्यासारख्यांना कॅलेंडर लागतं. रायपूरला सुडेकच्या जातीचा माणूस होता तो साहित्यात: विनोद कुमार शुक्ल. कृषी महाविद्यालयात शिकवत, याच शहरात दशकं काढत, त्यांनी एक खोली, एक खिडकी, एक कारकून आणि त्याचा सदरा यांवर कादंबऱ्या लिहिल्या, आणि २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. दिवाळीचे फोटो म्हणजे पणती, रांगोळी, आकाशकंदील आणि फुलबाजी धरलेली पोर. याहून गुळगुळीत विषय सापडेल का? सापडणार नाही, मान्य. पण गुळगुळीतपणा पणतीत नसतो. तो एकट्या पणतीचा जवळून फोटो काढून भोवतालचं सगळं काळं करण्यात असतो, कारण तशी पणती रायपूरची, राजापूरची किंवा न्यू जर्सीची कुठलीही असू शकते. पणतीला तिच्या पायरीसकट, शेजारच्या स्कूटरसकट, भिंतीवरच्या वीजमीटरसकट घेतलं की ती एका पाऱ्याची होते. यासाठी वेळ साधावी लागते. रायपूर मुंबईच्या जवळजवळ नऊ अंश पूर्वेला असल्याने इथे सूर्य अर्ध्या तासाहून थोडा आधीच बुडतो; दिवाळीच्या सुमारास साडेपाच वाजता संध्याकाळ होते. त्यानंतरची वीसेक मिनिटं आकाशाचा निळा उजेड आणि पणत्यांचा पिवळा उजेड तोलात असतात. ती गेली की अमावास्येचा काळोख पडतो आणि पांढरे एलईडी दिवे राज्य करतात. पणतीचा उजेड एकोणीसशे केल्विनच्या आसपास, एलईडीचा पाच-सहा हजार. दोन्ही एका चौकटीत आले तर एकतर भिंत निळी पडते नाहीतर ज्योत केशरी होते. फोनचं ‘नाइट मोड’ अनेक फोटो एकत्र करून काळोखच पुसून टाकतं, तेव्हा ते बंद ठेवलेलं बरं. हे सगळं तांत्रिक वाटेल, पण वीस मिनिटांत एका गल्लीतून काय घ्यायचं आणि काय सोडायचं ही सक्ती म्हणजेच निवड, आणि सुचत नाही म्हणणाऱ्याची निवडायची सवयच मोडलेली असते.

कॅमेरा डोळ्याला लावला की सण हातातून निसटतो, हा तिसरा आक्षेप घरातली वडीलधारी मंडळी घेतात आणि त्यातही तथ्य आहे. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या अभ्यासात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो लोकांनी काढले त्या त्यांना कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपणाऱ्यांची आठवण शाबूत राहिली, अगदी न टिपलेल्या भागाचीसुद्धा. पुढे अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये आढळलं की स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त आठवतं आणि ऐकलेलं कमी. गौरा-गौरीच्या रात्रीसाठी ही दुसरी बाब फार कामाची आहे, कारण तिथलं निम्मं वैभव कानांचं आहे. मोहरी या सनईसारख्या वाद्याचा सूर, डफड्याचा ठेका, बायकांची गाणी. तेवढा वेळ कॅमेरा पिशवीत गेला तर बिघडणार काहीच नाही.

तिथे तो पिशवीत जाण्याला आणखी एक कारण आहे. ही कुणाची दिवाळी? तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातून निघालेला माणूस शेजारच्या वस्तीतल्या लग्नाला जातो तेव्हा अंतर पाच मिनिटांचं असलं तरी समाज वेगळा असतो. कुणाच्या अंगात आलेलं असताना, फटक्यासाठी हात पुढे केलेला असताना तोंडाजवळ लेन्स नेणाऱ्याला ‘मोहल्ल्यातलाच आहे’ ही सबब नाही. उलट परक्यापेक्षा त्याला ते जास्त कळायला हवं. इथेच मोहल्ल्याचा एक फायदाही आहे. सहलीतला माणूस फोटो घेऊन निघून जातो. शेजारी दुसऱ्या दिवशी किराणा आणायला त्याच रस्त्याने जाणार असतो, म्हणजे त्याला विचारावं लागतं, नकार ऐकावा लागतो, आणि काढलेला फोटो कागदावर छापून दारात नेऊन द्यावा लागतो. बडोद्याचे ज्योती भट्ट मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ साली गुजरातच्या लोककलांवरच्या एका परिसंवादाच्या निमित्ताने त्यांनी खेड्यांतल्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं टिपायला घेतली, आणि पुढची कित्येक दशकं ते तेच करत राहिले. त्यांच्या फोटोंत रांगोळी एकटी नसते. ती काढणारी बाई, तिचं दार, तिचं पोर चौकटीत असतं. परत परत तिथे गेल्याशिवाय असे फोटो मिळत नाहीत.

मग दोन-चार जण सोबत कशाला, एकट्यानेच जावं की! निर्मिती एकांतात होते हे आपल्या मनावर फार ठसलेलं आहे. छायाचित्रकार स्कॉट केल्बी याने २००८ पासून जगभर एकाच दिवशी चालवलेल्या फोटो-वॉकमध्ये पन्नास-पन्नास माणसं एका रस्त्यावर उतरतात, आणि ती गर्दी ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत आली तर सण बाजूला राहून त्यांचीच मिरवणूक होईल. तेवढी नकोतच. पण तिघं एकाच गल्लीतून अर्धा तास चालली आणि नंतर चहाच्या टपरीवर फोन एकमेकांपुढे धरले, की एकाने झालर बघितलेली असते, दुसऱ्याने झालरीखाली बसलेली म्हातारी, तिसऱ्याने दोन्ही सोडून झालर विकणाऱ्याचं वजनकाट्याचं पारडं. आपण काय बघितलं नाही हे कळण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. एकट्याला आपली नजर चुकल्याचं कळतच नाही, कारण तुलनेला काही नसतं.

राहिला शेवटचा आक्षेप: पहिल्या वर्षी ठीक, पण दुसऱ्या वर्षीही तीच गल्ली, तीच गौरा-गौरी, तोच मठ. यावर पंचांग बघावं. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अडीच-तीन आठवडे पुढे सरकलेल्या या सणात सूर्य दहाएक मिनिटं आधी मावळतो, सावल्या लांबतात, बूढा तलावावर सकाळचं धुकं असण्याची शक्यता वाढते, आणि गोलबाजारातल्या झालरी लवकर पिकणाऱ्या धानाच्या असतात की उशिरा येणाऱ्या, तेही बदलतं. मागच्या वर्षीचा फोटो जिथून काढला त्याच पायरीवर, त्याच लेन्सने, सुरहुतीच्या संध्याकाळी सव्वापाचला उभं राहिलं तर यातलं बरंचसं एका चौकटीत मिळायला हवं. मागच्या फोटोवर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवलेली असली पाहिजे, एवढंच.